ब्रह्मपुरीचा समुद्रदेव आणि कऱ्हाडचा लोहवाणी

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती आहे. उंची वीतभराच्या आतली. रोमन साम्राज्यात कुठंतरी ओतलेली ही मूर्ती सापडली मात्र पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनी १९४४-४५ मध्ये तिथं खोदकाम केलं, तेव्हा धातूच्या वस्तूंचा एक मोठा साठाच हाती लागला. त्यात ही मूर्ती होती. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीचं रीतसर उत्खनन केलं आणि १९५२ साली त्याचा अहवाल पुस्तकरूपानं आला.

आमच्या कुंडलमध्ये इतिहास म्हटला की १९४३ साल. प्रतिसरकार, तुफान सेना, शेणोलीला अडवलेली पगाराची रेल्वे, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड. हे सगळं पाहिलेली माणसं परवापरवापर्यंत आमच्या कट्ट्यावर बसत होती. आणि संग्रहालय म्हटलं की औंध, कारण कुंडल औंध संस्थानातलं. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं ते संग्रहालय आम्ही आपलंच मानतो. त्यामुळं दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ हा धड्यातला, परीक्षेपुरता. सातवाहनांची राजधानी पैठण, एवढं पाठ झालं की पोरं मोकळी. मी हा विषय शिकवते. किर्लोस्करवाडीहून मुलांना गाडीत बसवून कोल्हापूरला नेते आणि टाऊन हॉल व ब्रह्मपुरी दोन्ही दाखवते. त्यातून जे उमगलं ते इथं मांडते आहे.

१. आधी संग्रहालय, मग टेकडी.

उलट केलं तर टेकडी रिकामी वाटते. ब्रह्मपुरीवर आज वस्ती आहे, खाली नदी आहे, जवळ शिवाजी पूल आहे. उत्खननाचे खड्डे केव्हाच बुजले. डोळ्यांत आधी विटा, खापरं, नाणी, मणी साठलेले असले तरच त्या मातीकडं पाहून काही दिसतं. टाऊन हॉल सी. पी. आर. हॉस्पिटलच्या समोर, बागेत. १८७२ ते १८७६ या काळात मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली, उंच मनोऱ्यांची ही इमारत स्वतःच पाहण्याजोगी आहे. ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तू ठेवायच्या म्हणून १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि १९४९ पासून ते या इमारतीत आहे. म्हणजे आधी वस्तू आल्या आणि त्यांच्यासाठी घर शोधलं गेलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आत आबालाल रहिमान आणि कोल्हापूरच्या इतर मोठ्या चित्रकारांची चित्रं आहेत, शस्त्रं आहेत. ती एका फेरीत उरकू नयेत. एका दिवशी एकच काळ पाहायचा, हा मी मुलांना घालून दिलेला नियम आहे. तलवारी बघितल्या की पोरांचं लक्ष खापरांकडं वळत नाही.

२. लहान वस्तूसमोर जास्त वेळ थांबावं.

पोसायडनसमोर मुलांना मी काहीच सांगत नाही. पाहू देते. मूर्ती उघडी आहे, त्यामुळं आधी मुली मागं सरकतात, मुलं एकमेकांना ढोपरं मारतात. मग शांत होतात आणि खरं पाहणं सुरू होतं. एकदा तालमीत जाणारा एक मुलगा काचेला नाक लावून म्हणाला, "बाई, ह्यो पैलवान हाय."

"कशावरनं रे?"

"छाती बघा की. आन् पोटावरच्या घड्या. ह्यो रोज जोर मारतोय."

कुंडलचं कुस्तीचं मैदान महाराष्ट्रात नावाजलेलं आहे. आमच्या पोरांना शरीर कळतं. त्या मुलानं जे ओळखलं तेच ग्रीक-रोमन मूर्तिकलेचं मर्म आहे: देव दाखवायचा तो कमावलेल्या मानवी देहाच्या रूपात. आपल्याकडं देव ओळखायचा तो हातातल्या आयुधावरून, वाहनावरून, मुकुटावरून. पोसायडनचंही आयुध आहे, त्रिशूळ. पण या मूर्तीच्या हातात तो आता उरलेला नाही. तरीही दाढी, मान आणि अंगाचा तोल यांवरून देव कळतो. हे मी फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर मुलांनी वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच. पैलवानाच्या तोंडून आलं म्हणून वर्गाच्या कायमचं लक्षात राहिलं.

३. पाहुणा पाहिला की घरची वस्तूही पाहावी.

त्या साठ्यातल्या परदेशी वस्तू मोजक्याच आहेत. पोसायडन, काशाची सुरई, आरसा आणि पर्सियस व अँड्रोमेडा यांची आकृती असलेली एक चकती. या चकतीची गोष्ट मुलांना आवडते: पोसायडननं धाडलेल्या समुद्रराक्षसापासून पर्सियस राजकन्येची सुटका करतो. समुद्राची गोष्ट आणि समुद्राचाच देव, दोन्ही घाट चढून पंचगंगेकाठी आले.

पण बाकीच्या बहुतेक वस्तू इथल्या कारागिरांच्या हातच्या आहेत. भांडी, आणि काशाचा एक हत्ती, पाठीवर माणसं घेऊन निघालेला. माझं ठाम मत आहे की ब्रह्मपुरीचं खरं वैभव हा हत्ती आहे. पोसायडनमागं ग्रीस-रोमची शेकडो वर्षांची कार्यशाळांची परंपरा उभी होती. तशा मूर्ती त्या साम्राज्यात ठिकठिकाणी घडत. हत्ती ओतणारा माणूस मात्र हत्ती रोज पाहणारा होता. त्याची चाल, त्याचं जड अंग आणि वर दाटीनं बसलेल्या माणसांचा आब त्यानं पकडला आहे. मेणाच्या प्रतिकृतीवरून धातू ओतायची विद्या त्याला पुरेपूर अवगत होती, परदेशी ओतकाम पाहून त्यानं दिपून जायचं काही कारण नव्हतं. वर्तमानपत्रात, भाषणांत 'कोल्हापुरात रोमन मूर्ती' याचंच कौतुक होतं. हत्तीचं नाव कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

४. 'रोमन लोक इथं राहत होते का?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तयार हवं.

रोमन वस्तू म्हणजे रोमन वस्ती नव्हे. वस्तू हातोहात जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे, त्यात या व्यापाराची बंदरवार नोंद सापडते. भडोच, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं त्यात आहेत. आत पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ही गावं आहेत. भडोचला काय काय उतरत होतं याची यादीच दिली आहे: द्राक्षाची दारू, त्यातही इटलीची अधिक पसंतीची, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच.

जहाजं लाल समुद्रातून जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर समुद्र ओलांडून सप्टेंबरपर्यंत आपल्या किनाऱ्याला लागत. थंडीत वारा उलटला की परत फिरत. कुंडलचा शेतकरी मृगापासून ज्या वाऱ्याकडं डोळे लावून बसतो, त्याच वाऱ्यानं त्यांची शिडं भरली जात. हे सांगितलं की मुलांना रोम लांबचा वाटत नाही. परतीच्या जहाजात मिरी, कापड, मौल्यवान खडे असत. लाल समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं बंदर होतं. तिथल्या एका देवळात भारतीय रांजणात भरलेली साडेसात किलो काळी मिरी उत्खननात मिळाली आहे. रोमचा लेखक प्लिनी तक्रार करतो की दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, एकट्या हिंदुस्थानात जातात. त्याचा आकडा फुगवलेला असेलही, पण तक्रार खरी आहे. आपला माल त्यांना हवा होता आणि पैसा इकडं येत होता.

बंदरावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. कोल्हापूरला कोकणातून वर येणाऱ्या वाटा आंबा, बावडा, फोंडा या घाटांच्या. मूर्ती कुणा व्यापाऱ्याच्या गाठोड्यात आली असेल, भेट म्हणून आली असेल, नाहीतर मोडीच्या भावानं विकत घेतलेली असेल. मुलांना मी या तिन्ही शक्यता सांगते आणि वाद घालायला लावते. परतीच्या गाडीत हातकणंगले ते मिरज हा वाद रंगतो.

५. नाण्यांकडं पाठ फिरवू नये.

नाण्यांचं दालन सगळे भराभर ओलांडतात, कारण काळपट शिशाच्या चकत्यांवर पहिल्या नजरेत काही दिसत नाही. कोल्हापूर परिसरात मिळालेल्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे आणि त्याभोवती ब्राह्मी अक्षरांत राजांची नावं: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. प्रत्येक राजा आधी आईचं नाव सांगतो आणि मग स्वतःचं. आपल्या दाखल्यांवर आईचं नाव लावायचा सरकारी निर्णय अलीकडचा. इथं तर राजे तेच करत होते. मुलींना हे वाचताना पाहावं.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीनं जगाचा भूगोल लिहिला. त्यात दख्खनमधल्या हिप्पोकुरा या राजधानीत बालेओकुरोस राजा असल्याचं तो नोंदवतो. अभ्यासक हा बालेओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर मानतात. अलेक्झांड्रियाच्या अभ्यासकाला इकडच्या राजाचं नाव माहीत आणि इकडच्या माणसाच्या घरात तिकडचा देव.

६. पाटीवर 'रोमन' लिहिलं की तिथंच थांबू नये.

भारतातल्या अनेक संग्रहालयांत दारूच्या रोमन रांजणांची म्हणून ठेवलेली खापरं अभ्यासक रॉबर्टा टोंबर यांनी पुन्हा तपासली. त्यांतली बरीचशी प्रत्यक्षात मेसोपोटेमियाकडच्या रांजणांची निघाली. आतून डांबरासारखा लेप असलेले, बुडाशी निमुळते रांजण. म्हणजे व्यापार रोमशी होता तसा इराणच्या आखाताशीही होता आणि तो नंतरही शतकानुशतकं चालू राहिला. पाटी ही त्या त्या काळच्या माहितीची असते. मुलांना मी पाटी वाचायला सांगते आणि मग विचारते, हे कशावरून ठरवलं असेल?

७. ब्रह्मपुरीला नदीकडून जावं.

पंचगंगा घाटावर उतरून वर पाहिलं की टेकडीची जागा का निवडली ते आपोआप कळतं. २०१९ च्या पुरात कोल्हापूर आणि आमचा पलूस तालुका, दोन्हीकडं पाणी कुठवर चढलं ते इथल्या प्रत्येक मुलानं डोळ्यांनी पाहिलं आहे. पाणी जवळ हवं आणि घरात नको, ही गरज दोन हजार वर्षांत बदललेली नाही. सातवाहन काळातल्या लोकांनी इथं भाजलेल्या विटांची घरं बांधली. त्यांच्यावर पुढच्या वस्त्यांचे थर चढत गेले आणि वर बहामनी काळातल्या थरात काचेच्या बांगड्यांचे ढीगभर तुकडे निघाले, रंगीत, नक्षीच्या. बांगडीच्या तुकड्यावरून थराचा काळ सांगता येतो हे ऐकून एक मुलगी म्हणाली, "म्हंजे आमच्या आज्जीच्या फुटक्या बांगड्या उकिरड्यात हायत, त्या बी कुणाला तरी घावतील." अगदी बरोबर. पुरातत्त्व म्हणजे बहुतेक वेळा उकिरडाच वाचायचा असतो.

इथं एक गोष्ट मी कडकपणे पाळते. जमिनीवर दिसलेलं खापर कुणी खिशात घालायचं नाही. ते कुठल्या जागी, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होतं, ही माहिती सुटली की खापर मुकं होतं. कुंदणगारांच्या साठ्याला आज किंमत आहे ती तो एकत्र मिळाला आणि एकत्र राहिला म्हणून. त्यातल्या वस्तू सुट्या सुट्या मोडीत गेल्या असत्या तर हत्ती आणि पोसायडन एकाच ठिकाणी नांदत होते हे कुणाला कळलं असतं?

८. जमेल तेव्हा तेरला जावं.

तेर आम्हाला लांब पडतं, पण ब्रह्मपुरी नीट समजायची तर ते पाहायला हवं. तेरणेकाठचं हे गाव लोकांना गोरा कुंभारांमुळं ठाऊक. मातीत राबणाऱ्या संताच्या या गावातच मातीच्या प्राचीन मूर्ती, मणी, मुद्रा, हस्तिदंताच्या वस्तू पावसानं उघड्या पडत आणि गावचेच रामलिंगप्पा लामतुरे त्या जमवत राहिले. आज त्यांच्याच नावानं तिथं शासकीय संग्रहालय आहे. इटलीत ज्वालामुखीच्या राखेत इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या मूर्ती तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत. कोल्हापुरात त्यांचा देव, पाँपेईत आपली स्त्री. मुलांना नकाशावर ही दोन टोकं दोऱ्यानं जोडायला सांगते.

तेरला गेल्यावर वाटतं की एका माणसाला जरी आपल्या गावच्या मातीची ओढ लागली तरी गावाचं केवढं काम होतं.

९. शेवटी आपल्या गावच्या वाटेवर यावं.

कोल्हापूर पाहून झालं की मुलं विचारतात, "बाई, आपल्या हितं काय न्हाई का?" आहे. कुंडलच्या डोंगरातली झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ ही जैन क्षेत्रं त्यांनी पाहिलेलीच असतात. ती आपल्या गावाची जुनी ओळख. पण सातवाहनांच्या काळाशी आणि समुद्राशी नातं सांगायचं तर कऱ्हाडला जावं लागतं. कुंडलहून कऱ्हाड तसं शेजारचंच. जखिणवाडीजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, साधी, नक्षीकाम जवळजवळ नसलेली. पावसाळ्यानंतर चढायला बरी. कऱ्हाडचं जुनं नाव करहाकड. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाला करहाकटच्या निगमानं, म्हणजे व्यापारी संघानं, दान दिल्याचा शिलालेख आहे. इतक्या लांबवर दान पोचवणारं गाव व्यापारात लहान असणार नाही.

आणि मग कुडा. रायगड जिल्ह्यात तळे गावाच्या पुढं, राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत. जवळच मांदाड, ज्याला अनेक अभ्यासक 'पेरिप्लस'मधलं मंदगोरा बंदर मानतात. कुड्याच्या लेण्यांतल्या दानलेखांत माळी आहेत, वैद्य आहेत आणि करहाकडचा एक लोहवाणी आहे. त्याचं नाव महिक. लोखंडाचा व्यापारी, कऱ्हाडचा, खाडीकाठी एक लेणं कोरून घेतो आणि आपलं नाव, गाव, धंदा दगडावर लिहून ठेवतो.

पोसायडन इथं कुणी आणला याचं उत्तर महिक नव्हे. पण ती मूर्ती ज्या जगातून आली त्या जगात आमच्या भागातला एक माणूस नावागावासकट उभा आहे, बंदराच्या तोंडाशी, लोखंडाचा भाव ठरवत. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात ओतकाम करणाऱ्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांना लोखंड नवं नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत कुड्याला जायचं ठरलं आहे. पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, माणगाव आणि तिथून तळे. पालकांच्या परवानग्या आल्या आहेत, एस. टी.चं आरक्षण व्हायचं आहे. मुलांनी आतापासून ब्राह्मीची अक्षरं गिरवायला घेतली आहेत, कारण महिकाचं नाव आपणच वाचायचं, कुणी वाचून दाखवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे. 'म' आणि 'क' सगळ्यांना येतात. 'हि'ची वेलांटी अजून चुकते.